सीमेपलीकडचा पाठलाग आणि मित्रराष्ट्रांचे वचन

८ फेब्रुवारी १९५८. वार शनिवार. ट्युनिशिया आणि अल्जीरिया यांच्या सरहद्दीवरील साकिएत सिदी युसुफ या लहानशा गावचा तो बाजाराचा दिवस होता. आसपासच्या वस्त्यांतील माणसे खरेदी-विक्रीसाठी जमली होती. अल्जीरियातील युद्धाला कंटाळून पळून आलेल्या निर्वासितांना मदत देण्यासाठी रेडक्रॉसच्या गाड्याही तेथे आल्या होत्या. अशा वेळी फ्रेंच हवाई दलाच्या विमानांनी गावावर बाँब टाकले आणि यंत्रबंदुकांचा मारा केला. सुमारे ७० माणसे ठार झाली, शंभराहून अधिक जखमी झाली. मृतांमध्ये शाळेतील मुलेही होती.

फ्रान्स आणि ट्युनिशिया यांच्यामध्ये त्या दिवशी युद्ध नव्हते. २० मार्च १९५६ रोजी ट्युनिशिया स्वतंत्र झाला होता, उलट त्याच्या भूमीवर फ्रेंच फौजेच्या छावण्या अजून कराराने टिकून होत्या. मग हा मारा कशासाठी? फ्रेंचांचे म्हणणे असे की, अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीची पथके या गावाच्या आसऱ्याने राहतात, सीमा ओलांडून हल्ले करतात आणि पुन्हा पलीकडे पसार होतात. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. त्याच वर्षी ११ जानेवारीस सीमेजवळ फ्रेंच तुकडीवर छापा पडला होता, त्यात चौदा-पंधरा सैनिक मारले गेले होते आणि चौघांना पकडून सीमेपार नेण्यात आले होते. गावातून आपल्या विमानांवर गोळीबार होतो, अशीही फ्रेंचांची तक्रार होती. सीमेवर विजेचा प्रवाह सोडलेले तारेचे कुंपण त्यांनी १९५७ सालीच उभे केले होते. ते पुरेसे पडत नाही, तेव्हा आता पाठलागाचा हक्क बजावला पाहिजे, अशी सेनाधिकाऱ्यांची भाषा होती. पॅरिसच्या सरकारने या विशिष्ट हल्ल्याचा हुकूम दिलेला नव्हता. पण हल्ला झाल्यावर पंतप्रधान गायार यांनी तो आपल्या अंगावर घेतला. आपल्या सेनापतीला उघडे पाडण्याची त्यांची तयारी नव्हती. आणि मला वाटते, त्या सरकारचे दिवस तेथेच भरले.

येथे दोन प्रश्न उभे राहतात आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला असा की, बंडखोरांच्या मागे लागून दुसऱ्याच्या हद्दीत शिरण्याचा अधिकार राष्ट्राला आहे काय? दुसरा असा की, शिरणाऱ्या राष्ट्राने इतरांशी परस्पर संरक्षणाचा करार केलेला असेल, तर त्याच्या मित्रांनी या भानगडीत कुठवर साथ द्यावयाची?

पहिल्या प्रश्नासंबंधी एक घरगुती दृष्टांत घेऊ. माझ्या घरातून भांडे उचलून चोर शेजारच्या वाड्यात शिरला. मी त्याच्या मागोमाग आत धावलो, तर शेजारी कदाचित समजून घेईल. पण चोर तेथे दडतो म्हणून मी महिन्याभराने जाऊन शेजाऱ्याच्या माजघराला आग लावली, तर तो पाठलाग राहिला नाही. 'पाठलागाचा हक्क' हा शब्दप्रयोग मुळात समुद्रावरचा आहे. किनाऱ्यालगतच्या आपल्या पाण्यात गुन्हा करून पळणाऱ्या जहाजाचा खुल्या समुद्रात पाठलाग करता येतो, मात्र तो अखंड चालू असला पाहिजे. ते जहाज आपल्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक पाण्यात शिरले की तो हक्क तेथेच संपतो. ज्या वर्षी साकिएतवर बाँब पडले, त्याच वर्षी जिनीव्हा येथे झालेल्या खुल्या समुद्राविषयीच्या करारात हाच नियम लिहून निघाला. म्हणजे जेथून हा शब्द उसना आणला, तेथेच तो परक्या हद्दीपाशी थांबतो. जमिनीवर आणताना लोकांनी शब्द तेवढा आणला, त्याची वेस मात्र मागे ठेवली.

मग जमिनीवर काहीच आधार नाही काय? आहे, आणि तो शोधावयास १८३७ सालात जावे लागते. कॅनडात त्या वेळी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला होता. त्यातील काही बंडखोर नायगारा नदीतील एका बेटावर जमले होते आणि त्यांना माणसे व सामान पोहोचविण्याचे काम अमेरिकेच्या किनाऱ्यावरून 'कॅरोलाइन' नावाची आगबोट करीत असे. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिशांची तुकडी होड्यांतून अमेरिकेच्या हद्दीत गेली. तिने ती आगबोट पेटवून धबधब्याच्या दिशेने सोडून दिली. एक अमेरिकन माणूस मारला गेला. पुढे कित्येक वर्षे या प्रकरणावर पत्रव्यवहार चालला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनिएल वेब्स्टर यांनी १८४१ मध्ये ब्रिटनला विचारले त्याचा आशय असा: स्वसंरक्षणाची गरज तत्काळ आणि अनावर होती, दुसरा मार्ग उरला नव्हता, विचाराला क्षणाचीही फुरसत नव्हती, हे दाखवा, आणि एवढे सिद्ध केले तरी केलेली कृती गरजेच्या बाहेर गेली नाही, हेही दाखवा. ब्रिटनने ही कसोटी नाकारली नाही. आमची कृती तीत बसते, एवढेच त्याने म्हटले आणि १८४२ मध्ये परवानगीवाचून हद्द ओलांडल्याबद्दल खेदही व्यक्त केला. दोन परराष्ट्रखात्यांच्या भांडणातून निघालेला हा मजकूर आजतागायत कायद्याच्या पुस्तकांत उद्धृत होतो. बाजाराच्या दिवशी गावावर बाँब टाकणे या कसोटीस उतरते काय, हे सांगावयास कायदेपंडित लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ साली झाली तेव्हा बळाच्या वापरावर सर्वसाधारण बंदी आली. कलम ५१ खाली 'सशस्त्र हल्ला' झाल्यास एकट्याने किंवा मित्रांसह स्वसंरक्षण करण्याचा हक्क तेवढा शिल्लक राहिला. आता शेजारी देशाने बंडखोरांना थारा देणे, बंदुका देणे हा सशस्त्र हल्ला होतो काय? १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, नुसता शस्त्रपुरवठा वा साहाय्य हे गैर असू शकते, पण तेवढ्याने सशस्त्र हल्ला होत नाही. मित्रराष्ट्राला मदतीस धावावयाचे असेल, तर ज्याच्यावर हल्ला झाला त्याने तसे जाहीर करून मदत मागितली पाहिजे, हेही न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले. २००१ नंतर पुष्कळ देशांनी याहून सैल अर्थ लावावयास सुरुवात केली आहे. शेजाऱ्याला बंडखोरांना आवरण्याची इच्छा नसेल किंवा ताकद नसेल, तर आम्ही आत येऊ, असा तो युक्तिवाद. त्यावर अजून एकमत नाही. लहान राष्ट्रांना त्याची धास्ती वाटते ती उगीच नव्हे; 'ताकद नाही' हे ठरविणारा नेहमी ताकदवानच असतो.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तो अधिक नाजूक आहे. फ्रान्स उत्तर अटलांटिक कराराचा म्हणजे नाटोचा सभासद. ४ एप्रिल १९४९ च्या त्या कराराचे पाचवे कलम प्रसिद्ध आहे. एकावरील सशस्त्र हल्ला तो सर्वांवरील हल्ला, असे ते म्हणते. पण पुढचे वाक्य वाचावयास माणसे विसरतात. प्रत्येक राष्ट्राने 'स्वतःला आवश्यक वाटेल ती' कृती करावयाची आहे. त्यात शस्त्रबळ येऊ शकते, यावेच असे नाही. अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, तो करारामुळे आपोआप हातचा जाऊ नये, म्हणून ही शब्दयोजना मुद्दाम केली गेली. त्यानंतर सहावे कलम येते. हल्ला कोणत्या भूभागावर झाला तर तो या करारात मोडेल, हे त्यात लिहिले आहे: युरोप, उत्तर अमेरिका, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिकमधील बेटे आणि फ्रान्सच्या आग्रहावरून 'फ्रान्सचे अल्जीरियन विभाग'.

म्हणजे अल्जीरिया छत्रीखाली होता. तरीही १९५४ पासून तेथे लढाई पेटलेली असताना फ्रान्सने पाचवे कलम कधी पुढे केले नाही. कारण उघड आहे. अल्जीरिया हे आमचेच घर, तेथील दंगा ही आमची घरगुती बाब, असे जगाला सांगावयाचे आणि त्याच तोंडाने परचक्र आले म्हणून मित्रांना हाक मारावयाची, हे जमणारे नव्हते. तेव्हा फ्रान्सने मित्रांकडून सैन्य न मागता मोकळीक मागितली. नाटोसाठी युरोपात ठेवलेल्या आपल्या फौजा त्याने अल्जीरियात हलविल्या आणि मित्रांनी ते चालवून घेतले.

साकिएतने मात्र मित्रांची पंचाईत केली. हल्ल्यात वापरलेली काही विमाने अमेरिकन बनावटीची होती, त्यामुळे अरब जगाचा रोष अमेरिकेवरही आला. त्याच्या आधी काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, अमेरिका व ब्रिटन यांनी ट्युनिशियाला थोड्याशा रायफली दिल्या, तर फ्रान्समध्ये केवढा गहजब झाला होता! ट्युनिशियाचे अध्यक्ष बूर्गिबा पाश्चात्त्यांशी सलोखा राखणारे. त्यांनी आपल्या देशातील फ्रेंच फौजांना छावण्यांत कोंडून ठेवले, त्या निघून जाव्यात अशी मागणी केली आणि सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. फ्रान्सने उलट तक्रार केली. नाटोचे दोन प्रमुख सभासद फ्रान्सच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी मधे पडले. अमेरिकेचे रॉबर्ट मर्फी आणि ब्रिटनचे हॅरॉल्ड बीली हे मध्यस्थीसाठी निघाले. ती मध्यस्थी फ्रेंच लोकसभेला मानहानिकारक वाटली, एप्रिलमध्ये गायार यांचे सरकार कोसळले, १३ मे रोजी अल्जीयर्समध्ये सेनेने व वसाहतवाल्यांनी उठाव केला आणि १ जून रोजी द गॉल सत्तेवर आले. सीमेपारच्या एका गावावर टाकलेल्या बाँबनी चौथे फ्रेंच प्रजासत्ताक खाली आणले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल, पण थोडेच.

सहाव्या कलमातील भूगोलाचा अनुभव आपल्याही दाराशी आलेला आहे. पोर्तुगाल नाटोच्या मूळ सभासदांपैकी एक. गोवा हा आमचा प्रांत आहे, असे तो म्हणे, आणि १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात तोच शब्द आल्यामुळे आपल्याकडे संतापाची लाट उसळली. पण मांडवी काही कर्कवृत्ताच्या उत्तरेला नाही आणि अटलांटिकला तर ती मुळीच मिळत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा नाटो हलली नाही. ब्रिटनशी पोर्तुगालचा मैत्रीचा तह तर चौदाव्या शतकापासूनचा. पण तोही तलवार घेऊन धावला नाही. सुरक्षा समितीत भारताविरुद्ध ठराव आला, त्याला सात मते पडली आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. तोंडी नापसंती पुष्कळ झाली, करारातील शब्द जेथे संपले तेथे मदतही संपली. पाकिस्तानलाही १९६५ मध्ये हेच उमगले. १९५४ च्या मनिला करारात आपली बांधिलकी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती आहे, असे अमेरिकेने आधीच लिहून ठेवले होते.

तुर्कस्तानचे उदाहरण अलीकडचे. १९५२ पासून तो नाटोत आहे आणि कुर्दी कामगार पक्षाच्या बंडखोरांविरुद्ध उत्तर इराकमध्ये त्याच्या फौजा वारंवार शिरत आल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये तर पायदळ बर्फातून आत गेले होते. २०१२ मध्ये सीरियाने त्याचे विमान पाडले तेव्हा त्याने चौथ्या कलमाखाली मित्रांशी सल्लामसलत मागितली. पाचवे कलम त्याने मागितले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सीरियाच्या इदलिब भागात एका हल्ल्यात तीसहून अधिक तुर्की सैनिक मारले गेले. पुन्हा बैठक झाली, सहानुभूतीचे शब्द निघाले, आणि तेवढ्यावरच थांबले. हे सैनिक मेले ते सीरियाच्या भूमीवर, तुर्कस्तानच्या नव्हे. सीमेपार पाऊल टाकणारे राष्ट्र ते स्वतःच्या जबाबदारीवर टाकते, ही यातील मेख आहे. मित्रांची ही सावधगिरी कोणाला भित्रेपणा वाटेल. मला ती रास्त वाटते. नाहीतर एका सरहद्दीवरील ठाणेदाराच्या रागावर डझनावारी देशांतील मुले रणांगणात जावयाची.

पाचवे कलम प्रत्यक्षात लागू झाले ते एकदाच, न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील हल्ल्यांच्या दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबर २००१ रोजी. तेव्हाही परिषदेने अट घातली की, हल्ला परदेशातून झाल्याचे सिद्ध झाले पाहिजे. ती खात्री २ ऑक्टोबरला पटली, असे जाहीर झाले.

अल्जीरिया जुलै १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. पुढच्या जानेवारीत नाटोच्या परिषदेने नोंद केली की, 'फ्रान्सच्या अल्जीरियन विभागां'विषयीचा मजकूर ३ जुलै १९६२ पासून लागू राहिलेला नाही. शब्द मात्र कोणी खोडले नाहीत. कराराची प्रत उघडली तर सहाव्या कलमात ते अजून छापलेले दिसतात आणि त्यांच्याखाली तळटीप असते.