हार कुणासमोर घालायचा?

नारायणगडाच्या पंचक्रोशीत शाळेच्या स्नेहसंमेलनाची तारीख काढायची तर आधी साखर कारखान्यांचे बॉयलर कधी पेटणार ते विचारावं लागतं. बाकीच्या महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारी हे गॅदरिंगचे दिवस, आमच्या बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात ते ऊसतोडीचे. दसरा झाला, दिवाळी आटोपली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, त्यामुळे थांबायची सोय नसते. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेले आमचे विद्यार्थी. म्हणजे ज्या आईबापांनी लेकराचा सत्कार डोळे भरून पाहायचा, तेच त्या दिवशी तीनशे किलोमीटरवर कोयता चालवत असतात.

मी याच पट्ट्यातल्या शाळेत शिक्षक आहे. कार्यक्रम कुठलाही असो, माइक माझ्या हातात असतो. त्यामुळे फोटोत न येणारं बरंच मला दिसतं. आमचा पडदा म्हणजे दोन साड्या आणि एक नायलॉनची दोरी. त्याच्यामागं जे चालतं, त्यातलं काही लिहून ठेवावं असं वाटलं.

आमच्या शाळेचा पहिला कार्यक्रम असतो आषाढीची दिंडी. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि वह्या-पुस्तकं पुरती हातात यायच्या आत एकादशी येते. बीड आणि शिरूर कासार तालुक्यांच्या सीमेवरचा हा गड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही ते आषाढीला इथं येतात, गर्दी लाखांत असते. अशा गावात दिंडी काढायला मुलांना काही शिकवावं लागत नाही, उलट तीच आम्हाला शिकवतात. टाळ कसा धरायचा, पावली कधी उचलायची, विणा कुणाच्या गळ्यात द्यायचा, सगळं त्यांना ठाऊक असतं.

एका वर्षी पाचवीतला एक मुलगा पखवाज वाजवत होता. गणितात तो पार मागे. अपूर्णांक आले की खिडकीबाहेर बघायचा. आमच्या गणिताच्या मॅडम दिंडीत त्याच्या बाजूनं चालत होत्या आणि चालता चालता बोटं मोजत होत्या. शाळेत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘सर, हा आठ मात्रांचा भजनी ठेका धरतो, मधेच दुगुण करतो आणि समेवर बिनचूक येतो. याला अपूर्णांक येत नाही असं कसं म्हणायचं?’ दुसऱ्या दिवशी पखवाज वर्गात आला. आठ मात्रांच्या ठेक्यात दोन मात्रा म्हणजे पाव, चार म्हणजे अर्धा, सहा म्हणजे पाऊण. दुगुण केली की एका मात्रेत दोन बोल, म्हणजे प्रत्येक बोल अर्ध्या मात्रेचा. तो वाजवायचा आणि वर्ग फळ्यावर लिहायचा. वार्षिक कार्यक्रमात त्याला पखवाजासाठी बक्षीस दिलं, आणि मॅडमनी हट्ट धरून प्रमाणपत्रावर ‘पखवाज व गणित’ असं लिहायला लावलं. लोकांना ती लिहिणाऱ्याची चूक वाटली. ती चूक नव्हती. पुढे मॅडमची बदली झाली, पण तास अजून तसाच चालतो.

दिवाळीनंतर मात्र चित्र बदलतं. जिल्हा परिषद समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं चालवते, म्हणजे आईबाप फडात गेले तरी लेकरांना गावातच जेवण आणि निवारा मिळावा. दिवसा शाळा असते, मित्र असतात, खेळ असतो. कठीण असते ती दिवेलागण. गुरं घरी येतात, धुराचा वास सुटतो आणि लहान पोरांचे चेहरे उतरतात. पहिलीतलं एखादं रडायला लागलं की ओळीनं सगळी रडतात. आमच्या नाटकांची सुरुवात तिथून झाली हे कुणाला माहीत नसतं. स्पर्धा जिंकायची म्हणून कुणी नाटक बसवलं नव्हतं. सहा ते आठ ही वेळ काढायची होती, एवढंच. एका शिक्षकानं रोज संध्याकाळी गोष्ट सांगायला सुरुवात केली, मग पोरं त्यातली पात्रं होऊन बोलायला लागली, मग कुणीतरी घोंगडी पांघरून वाघ झाला. तीच मुलं पुढे बालनाट्य स्पर्धेत बक्षीस घेऊन आली. परीक्षकांनी विचारलं, ‘तालमी किती केल्या?’ मुलांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लेखी ती तालीम नव्हती, ती संध्याकाळ होती.

हे दुखणं आमच्या एका शाळेचं नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी शांतिवन ही संस्था उभी केली ती अशाच लेकरांसाठी. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरता ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली, तिला संत भगवानबाबांचं नाव दिलं. भगवानबाबा भगवानगड उभारण्याआधी याच नारायणगडावर माणिकबाबांच्या सेवेत होते. पोरांना शिकवा, हा भगवानबाबांचा सांगावा आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. ही वसतिगृहं वेळेवर उघडली आणि नीट चालली तर कितीतरी शिक्षकांची संध्याकाळची धाकधूक कमी होईल.

आता शिष्यवृत्तीची गोष्ट. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आठवीत जी राष्ट्रीय परीक्षा होते, तिला आम्ही सगळे एनएमएमएस म्हणतो. उत्तीर्ण होऊन निवड झाली की नववी ते बारावी दरमहा १००० रुपये, वर्षाला १२,०००. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. परीक्षा डिसेंबरात, ऐन हंगामात. उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो काढायला पालक लागतो. म्हणून गणपती बसले की आम्ही घरोघर फिरायला लागतो. ‘दाखला काढल्याशिवाय ट्रॉलीत बसायचं नाही’ हे वाक्य मी इतक्या अंगणांत म्हटलंय की मला पाहिलं की लोकच ते आधी म्हणतात.

एका वर्षी आमची सगळ्यात तयारीची मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसेना. आई तिला फडात घेऊन गेली होती. कारण सरळ होतं, मागचं भावंड तान्हं होतं आणि नवराबायको दोघं उसात उतरले की त्याला सांभाळणार कोण? दोघं मिळून एक कोयता, त्यातलं एक जण बसलं तर कोयताच मोडतो. मुकादमाला फोन केला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यानंही तेच विचारलं, ‘पोरगी पाठवतो गुरुजी, तान्ह्याचं काय करू?’ उत्तर मुलीच्या आजीनं काढलं. ती म्हणाली, ‘मला यष्टीत बसवून द्या. मी तिकडं जाते, तिला इकडं पाठवा.’ आजी सांगलीकडं गेली, नात चुलत्याबरोबर परत आली, वसतिगृहात राहिली आणि परीक्षेला बसली. निवड झालेल्यांची मिरवणूक निघते तेव्हा त्यात आजीचा फोटो नसतो, म्हणून तिचं नाव मी दर कार्यक्रमात घेतो.

निवड यादी लागली तेव्हा टोळ्या अजून फडातच होत्या. यादीत मुलीचं नाव होतं. सत्कार लगेच करायचा ठरलं, आणि आईबापांना व्हिडिओ कॉल लावायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. मोबाइल माइकजवळ नेला की स्पीकर असा किंचाळायचा की पुढची लहान पोरं कानांवर हात ठेवायची. माइकवाल्यानं शेवटी कर्णा पाठमोरा फिरवला, आवाज कमी केला, मला स्टेजच्या पार टोकाला उभं केलं आणि मोबाइल वीतभर लांब धरायला सांगितलं. पडद्यावर आधी नुसता ऊस दिसला. मग डोक्यावरचा पदर सावरत आई आली. तिच्यामागं सगळी टोळी गोळा झालेली. मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं, टाळ्या झाल्या. आईनं विचारलं, ‘पैसं कधीपस्तोर मिळणार?’ सर म्हणाले, ‘बारावीपर्यंत.’ ती क्षणभर गप्प राहिली आणि मग शेजारी उभ्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, ‘ऐकलं का? मंग बारावी होईस्तोवर हिच्या सोयरिकीचं नाव काढायचं न्हाई.’

हे वाक्य कर्ण्यातून सगळ्या गावानं ऐकलं. मुलीचे चुलते, मामा, भावकी, सरपंच, सगळे समोर बसलेले होते. बीड जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या शंभर बायकांमागं चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं. फडात पोरीची काळजी वाटते, गावात ठेवली तरी वाटते, म्हणून तिचं लवकर उरकून टाकतात. अशा ठिकाणी सत्कार हा नुसता कौतुकाचा प्रकार राहत नाही. लेकराविषयी भावकीपुढं दिलेला तो शब्द असतो, आणि चारचौघांत दिलेला शब्द आमच्याकडं सहसा मोडत नाहीत. ती मुलगी बारावी झाली. शिष्यवृत्तीचा तिला आधार झाला, पण आईचं ते वाक्य त्याहून जास्त कामी आलं असं मी मानतो.

दुसरी एक गोष्ट मैदानावरची. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्याचा. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. साबळेचं सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या फक्त पाच शतांश भागानं. सोमवारच्या परिपाठात मी हे सांगितलं आणि पोरांनी विचारलं, ‘म्हणजे केवढं?’ मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं. सुरू करायचं आणि ताबडतोब बंद करायचं, पाच शतांश येतंय का बघा. सगळ्या शाळेनं बोट घासून पाहिलं. कुणालाच ते साधेना. तेव्हा कुठं पाच शतांश म्हणजे काय ते त्यांना कळलं, आणि मलाही त्याआधी ते इतकं नीट समजलं नव्हतं.

मग शर्यतीचा नकाशा फळ्यावर काढला. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. आमच्याकडं अडथळ्याला तोटा नव्हता. दगडी बांध होता आणि पावसाळ्यात मैदानाच्या कोपऱ्यात साठणारं पाणीही होतं. महिनाभर मधल्या सुट्टीत चिखलानं भरलेले गणवेश घरी जात राहिले आणि आज्यांच्या तक्रारी येत राहिल्या. पुढच्या वर्षी साबळेनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं तेव्हा त्याच आज्यांनी विचारलं, ‘आपल्यावाणी बांधावरून उड्या मारणारा तोच का?’ मुलांच्या मनात मात्र पदकाहून दुसरंच बसलं होतं. लहानपणी तो रोज सहा किलोमीटर पायी शाळेत जायचा, कधी पळतच जायचा, आणि बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन सियाचिनलाही राहिला. वाडीवरून चालत येणाऱ्या पोरांना वाटलं, हे तर आपण रोजच करतो. त्या वर्षी उशिरा येणारी पोरं कमी झाली, कारण ती पळत यायला लागली.

हे सगळं होत असताना एक सल कायम होती. व्हिडिओ कॉल कितीही लावले तरी समोरच्या खुर्च्यांवर आईबाप नसायचे. शेवटी ग्रामसभेत विषय काढला की संमेलनच पुढं ढकलू. डिसेंबर नको, १ मे घेऊ. त्या दिवशी झेंडावंदन असतं, आमच्याकडं निकालही त्याच दिवशी लागतो आणि तोवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. ‘उन्हाळ्यात कोण बसंल?’ अशी हरकत आली. त्यावर विणेकरी बाबांनी तोडगा दिला. गावाचा अखंड हरिनाम सप्ताह त्याच सुमारास असतो. काल्याचं कीर्तन झालं की मांडव, माइक, दिवे सगळं उभंच असतं. एक रात्र मांडव सोडू नका, शाळेला द्या. मांडववाल्यानं भाडं वाढवलं नाही. बीडचा ड्रेपरीवाला तर खूश झाला, मे महिन्यात शाळांकडून त्याच्याकडं कुणी येत नाही, त्यानं नऊवारी आणि फेटे निम्म्या दरात दिले.

पहिल्या वर्षी रात्री आठला सुरू झालेला कार्यक्रम बारापर्यंत चालला. उन्हानं काळवंडलेली, हातांना घट्टे पडलेली माणसं पहिल्या रांगेत बसली होती. सत्कार करायला पाहुणा बोलावला नव्हता. हार आईच्या हातात द्यायचा आणि तिनं लेकराच्या गळ्यात घालायचा, एवढंच ठरलं होतं. बऱ्याच जणींना स्टेजवर यायचा संकोच वाटत होता, मागं सरकत होत्या. एक चढली, मग मात्र रांग लागली. शेवटी मुलींचा लेझीम झाला, आणि दोघीतिघी आया खालीच, मांडवाच्या कडेला, रिकाम्या हातांनी त्याच पावल्या टाकायला लागल्या. त्यांनी शाळेत हे केलेलं होतं, चौथी-पाचवीत, शाळा सुटायच्या आधी.

त्यातल्या एकीनं नंतर ऑफिसात येऊन विचारलं, ‘पुढच्या साली आमचाबी एक नंबर ठेवता का?’ ठेवला. गेल्या दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा शाळेच्या कपाटातल्या बारा लेझीम ट्रॉलीतून फडाकडं गेल्या. संध्याकाळी कोपीपुढं सराव करू असं त्यांनी सांगितलं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘पालक संघास सरावासाठी, मे अखेर परत’ अशी नोंद आहे, आणि तिच्यापुढं सहा आयांच्या सह्या आहेत.