डॉक्टर, मी स्कूटी चालवते!

मागच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या वहिनी सोमवारी सकाळीच हिंगोलीहून स्कूटीवर औंढ्याला निघाल्या. नागनाथाचं दर्शन घ्यायचं, दुपारी परत यायचं. उपवास होता, पोटात फक्त बिनसाखरेचा चहा आणि शुगरची रोजची गोळी. वाटेत हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, रस्ता धूसर दिसू लागला. स्कूटी कडेला घेता घेताच त्या पडल्या. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. मागून ट्रक असता तर?

घरी सगळे म्हणाले, "उपासानं पित्त झालं असेल." डॉक्टर मात्र चकित झाले. "तुम्ही गाडी चालवता?" दवाखान्यात वहिनी नेहमी यजमानांच्या मागे बसून जायच्या. ना त्यांनी कधी सांगितलं, ना डॉक्टरांनी विचारलं.

मैत्रिणींनो, आज वसमत असो की सेनगाव, मुलांची शाळा, बँक, बचत गटाची बैठक सगळं आपण स्कूटीवरच करतो. चाळिशीनंतर गोळ्याही सुरू होतात. पण गोळी आणि गाडी यांचा एकत्र विचार आपण करतच नाही.

शुगरच्या सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर ती ७० च्या खाली जाऊ शकते. बीपीची गोळी नवीन असेल किंवा डोस वाढवला असेल, तर पटकन उठताना चक्कर येते. झोपेच्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळीही राहते. सर्दीच्या साध्या गोळीनंही डोळे मिटायला लागतात.

फिटचा त्रास असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय गाडीला हात लावू नका. लायसन्सच्या अर्जातही फिट किंवा अचानक चक्कर येते का, हे विचारलेलं असतं. ते लपवू नका. आजारामुळे आपल्या गाडीपासून लोकांना धोका आहे हे माहीत असूनही गाडी चालवणं, हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८६ नुसार गुन्हा आहे.

म्हणून काय, गोळी बंद करायची? मुळीच नाही! बीपीची किंवा फिटची गोळी मनानं सोडणं तर जास्तच घातक. नवीन गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस गाडी घरीच ठेवा. उपवास असो की रोजा, गोळीची वेळ आणि डोस आधी विचारून घ्या. पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा. साखर उपवासालाही चालतेच की! थरथर सुरू झाली की गाडी थांबवा, किल्ली काढा, तीन चमचे साखर खा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा खा. बरं वाटलं तरी लगेच निघू नका, पाऊण तास थांबा. त्यापेक्षा घरच्यांना बोलावून घेतलेलं बरं.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की एक वाक्य न विसरता बोला, "डॉक्टर, मी स्कूटी चालवते. या गोळीवर चालेल ना?"

वहिनी आता हे विचारतात. यंदाही औंढ्याला जाणार आहेत, पण सोमवारी एसटीनं.