पुढचं पान आपणच ठरवायचं

‘हायपरफिजिक्स’ हे भौतिकशास्त्राचं ऑनलाइन पाठ्यपुस्तक उघडलं की पहिला धडा, दुसरा धडा अशी उतरंड दिसत नाही. दिसतात ते रेषांनी जोडलेले फुगे: यांत्रिकी, उष्णता, वीज आणि चुंबकत्व, ध्वनी, प्रकाश, सापेक्षता, पुंजभौतिकी, अणुकेंद्र. यांत्रिकीवर क्लिक केलं की त्याच्या पोटातला नवा नकाशा उघडतो, आणि त्यातल्या एखाद्या फुग्यावर क्लिक केलं की अखेर मजकूर येतो. तोही लांबलचक नाही. एक आकृती, एक सूत्र, चार-सहा ओळी, एवढंच. त्या ओळींतले काही शब्द अधोरेखित असतात आणि प्रत्येक शब्द आणखी कुठेतरी नेतो.

अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक कार्ल नेव्ह यांनी हे पुस्तक घडवलं. त्याची सुरुवात अॅपल कंपनीच्या ‘हायपरकार्ड’मध्ये झाली. १९८७ साली आलेल्या त्या प्रणालीत मजकूर सुट्या कार्डांवर लिहायचा आणि कार्डं एकमेकांना जोडायची अशी रीत होती. पुढे सगळं वेबवर आलं, पण कार्डाचा हिशेब कायम राहिला. एकाच पानावर चार-पाच कार्डं एकाखाली एक रचलेली असतात आणि लिंक आपल्याला थेट मधल्या कार्डावर सोडते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी वर सरकवून बघतो आणि वेगळाच विषय पाहून बिचकतो.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. माझी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. दुपारी संगणक कक्ष मोकळा असला की त्यांना हे पुस्तक उघडून देते आणि मागे बसून नुसती बघते. नवखं मूल पहिल्या काही मिनिटांत जेवढे निळे शब्द दिसतील तेवढे दाबत सुटतं. गुरुत्वाकर्षणावरून ग्रहांवर, ग्रहांवरून सूर्यावर, सूर्यावरून अणुसंमीलनावर. वही कोरीच. “काय वाचलंस?” विचारलं तर विषयांची नावं सांगता येतात, त्यापलीकडे काही नाही. मुलं आळशी असतात म्हणून हे घडत नाही. छापील पुस्तक वाचणाऱ्याला हाताला धरून पुढच्या पानावर नेतं. इथे पुढचं पान वाचणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि ते कसं ठरवायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून मी संगणकाला हात लावण्याआधी वहीत एक प्रश्न लिहायला लावते. प्रश्न नेमका हवा. ‘गुरुत्वाकर्षण समजून घेणे’ हा प्रश्न नव्हे. ‘चंद्रावरून यान सुटायला किती वेग लागेल?’ हा प्रश्न. एका मुलीने हाच प्रश्न घेतला होता. नकाशावरून ती मुक्तिवेगाच्या कार्डावर पोचली. या पुस्तकाचं मोठं बळ तिथे दिसतं: सूत्राखाली आकडे भरायच्या चौकटी असतात. माहीत असलेल्या राशी भरायच्या आणि जी हवी तिच्यावर सूत्रातच क्लिक करायचं, की उत्तर येतं. तिने चंद्राचं वस्तुमान भरलं आणि अंतर ३,४७४ किलोमीटर टाकलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर. पण चंद्राचा मुक्तिवेग सुमारे २.३८ असतो हे तिने आधी वाचलेलं होतं.

“मॅडम, काहीतरी चुकलं,” असं म्हणत ती आकडा पुसायला निघाली. मी थांबवलं. चूक तिला लगेच सापडली: त्रिज्येच्या जागी व्यास गेला होता. खरी गंमत त्यापुढे होती. मी तिला वर्तुळाकार कक्षेतल्या वेगाचं कार्ड शोधायला सांगितलं. तिथलं सूत्र घेऊन तिने चंद्राच्या अगदी पृष्ठभागालगत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग वहीत काढला, या वेळी त्रिज्या नीट घेऊन. उत्तर पुन्हा १.६८! ती दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली. मग दोन्ही सूत्रं शेजारी शेजारी लिहिली आणि तिचं तिलाच दिसलं, की मुक्तिवेग हा त्याच ठिकाणच्या कक्षेतल्या वेगाच्या २ च्या वर्गमूळाइतक्या पट असतो. मुक्तिवेगाच्या सूत्रात अंतर दुप्पट घेतलं की वरचा २ आणि खालचा २ एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो कक्षेतला वेग.

२०१८ साली आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात मुक्तिवेग पहिल्याच धड्यात आहे. उपग्रहाचा क्रांतिक वेग, म्हणजे हाच कक्षेतला वेग, येतो तो शेवटच्या, अवकाश मोहिमांच्या धड्यात. मधे आवर्त सारणी, विद्युतधारेचे परिणाम, भिंग असं बरंच काही. ते पुस्तक वाईट नाही; मी त्यावरूनच मुलांचा पाया तपासते. पण जून महिन्यातला मुक्तिवेग आणि कितीतरी महिन्यांनी येणारा क्रांतिक वेग ही सख्खी भावंडं आहेत, हे मुलाला कळायचं कधी? लिंकांनी विणलेल्या पुस्तकात ही दोन कार्डं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि माझ्या मते असं पुस्तक वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

चौकटींबाबत एक सावधगिरी मी पहिल्याच दिवशी सांगते. एखादी चौकट रिकामी सोडली तर अनेक ठिकाणी पुस्तक आपल्या मनाने नमुन्याची किंमत भरतं. मुलाला वाटतं, उत्तर आपल्या गणिताचं आलं. ते असतं दुसऱ्याच गणिताचं. तेव्हा उत्तर वहीत उतरवण्याआधी प्रत्येक चौकट पुन्हा वाचायची. भिंगाच्या गणितात आणखी जपावं लागतं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पातळीवरच्या पाठ्यपुस्तकांत चिन्हांचे संकेत बऱ्याचदा आपल्यापेक्षा वेगळे असतात. आपल्याकडे वस्तूचं अंतर ऋण धरतात, तिथे पुष्कळदा धन. पानावर कोणता संकेत धरलाय ते पाहिल्याशिवाय आकडा टाकू नये.

बहुतेक मुलं नकाशावरून येतच नाहीत. गूगलवर शब्द टाकतात आणि थेट एखाद्या कार्डावर उतरतात. अशा वेळी मजकूर वाचण्याआधी उजवीकडचा पट्टा आणि कार्डाचा तळ बघायचा. आपण कोणत्या शाखेत, कोणत्या नकाशाखाली आहोत ते तिथे कळतं. तळाशी मागे जाण्याची लिंकही असते, पण ती वरच्या नकाशावर नेत नाही. जिथून आलो तिथेच परत सोडते. गूगलवरून आलेला गूगलवरच जातो. वर जायचं तर शाखेच्या नावावर क्लिक करायचं. मजकुरातल्या लिंकांचा रंग एकदा उघडल्यावर बदलतो, फुग्यांचा मात्र बदलत नाही, कारण तो नकाशा म्हणजे एक चित्र आहे. कुठे कुठे जाऊन आलो हे तो सांगत नाही. ते वहीतच ठेवावं लागतं: ‘यांत्रिकी → गुरुत्वाकर्षण → मुक्तिवेग → कक्षेतला वेग’, आणि प्रत्येक बाणापाशी आपण का वळलो त्याचे दोन शब्द, मराठीत. ज्या मुलांच्या वहीत असे बाण असतात, त्यांना दुसऱ्या दिवशी मला विषय समजावून सांगता येतो. मोबाइलवर मात्र हे पुस्तक त्रास देतं. जुन्या बांधणीमुळे अक्षरं बारीक दिसतात. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावरच वाचावं.

असं वाचणं मराठीला नवं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदींत कंसात बाण काढून दुसऱ्या नोंदीचं नाव दिलेलं असतं आणि शेवटी ‘पहा’ म्हणून आणखी नोंदी सुचवलेल्या असतात. एका खंडात बोट ठेवून दुसरा खंड काढायला उठणारे वाचक ग्रंथालयांत असतच. आता विश्वकोश आणि बालभारतीची पुस्तकं दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, पण बालभारतीच्या पीडीएफमधल्या पहिल्या धड्यातून शेवटच्या धड्यात नेणारा दुवा नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: दोघा-तिघांनी मिळून एकच प्रकरण घ्या, त्याची छोटी कार्डं मराठीत लिहा, एकमेकांना जोडा आणि मुलांपुढे ठेवा. गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करणार असाल, तर आमच्या मुलांच्या वह्यांतले बाण मी आनंदाने पाठवीन.