भंगार कोणी ठरवायचे?

बेंगळुरूच्या कोरमंगलात रात्रभर धुवाधार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी एक ठरावीक दृश्य दिसते. इमारतींच्या तळघरांतून पंपाने पाणी उपसले जात असते आणि टोचन लावलेल्या गाड्या एकामागून एक सेवा केंद्रांकडे निघालेल्या असतात. यात नवल काही नाही. कोरमंगला-चल्लघट्टा हे या शहराच्या तीन प्रमुख खोऱ्यांपैकी एक. येथील पाणी नाल्यांवाटे बेळ्ळंदूर तलावाकडे जाते आणि नाला आक्रसला की ते वस्तीत शिरते. 2017 च्या ऑगस्टमध्ये हेच झाले, 2022 मध्येही हेच झाले. पाणी ओसरल्यावर गाडीमालकांच्या तोंडून मी एकच प्रश्न ऐकत आलो आहे: गाडी दुरुस्त होणार की ‘टोटल लॉस’मध्ये जाणार, आणि हे ठरवणार कोण?

2022 च्या सप्टेंबरमधील पुरानंतर बेंगळुरूतील एक प्रकरण देशभर गाजले. सुमारे 11 लाखांच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी सेवा केंद्राने तब्बल 22 लाखांचे अंदाजपत्रक दिले. विमा कंपनीने गाडी टोटल लॉस ठरवली. पण दाव्याच्या कागदपत्रांसाठीच केंद्राने सुमारे 45 हजार रुपये मागितले. समाजमाध्यमांवर बोभाटा झाल्यानंतर ही रक्कम 5 हजारांवर आली. त्या आकड्यांवर लोक हसले. माझ्या मते मात्र हे प्रकरण तुलनेने सोपे होते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या दुप्पट असेल, तर निर्णयाला वाव उरत नाही. खरा वाद मधल्या पट्ट्यात होतो.

नियम वरवर पाहता स्वच्छ आहे. 2002 च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकातून आलेल्या शब्दरचनेनुसार, गाडी परत मिळवण्याचा वा दुरुस्तीचा एकूण खर्च विमा घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांहून अधिक झाला तर ती पूर्ण हानी मानायची. 2007 मध्ये हप्त्यांचे दर खुले झाले, तरी हे सूत्र टिकून राहिले. पण त्याच वाक्यात ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींना अधीन राहून’ असे शब्द आहेत, आणि सगळी मेख तेथेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साडेचार वर्षे वापरलेल्या गाडीची निर्मात्याची सूचित किंमत साडेनऊ लाख रुपये आहे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा लागतो. म्हणून आयडीव्ही 4 लाख 75 हजार आणि त्याचे 75 टक्के म्हणजे 3 लाख 56 हजार 250 रुपये. पाण्यात बुडालेल्या या गाडीसाठी सेवा केंद्राने 4 लाखांचे अंदाजपत्रक दिले: 80 हजारांचे प्लास्टिक-रबराचे भाग व बॅटरी, 2 लाख 40 हजारांचे धातूचे व इतर भाग, 80 हजार मजुरी. मालकाच्या हिशेबाने मर्यादा ओलांडली गेली. पण सर्वेक्षक पहिल्या गटावर 50 टक्के आणि दुसऱ्यावर 35 टक्के घसारा कापतो. उरतात 2 लाख 76 हजार. म्हणजे गाडी दुरुस्तीयोग्य! वरचे 1 लाख 24 हजार आणि अनिवार्य वजावट मालकाच्या खिशातून जाते. त्याच मालकाने शून्य-घसारा संरक्षण घेतले असते, तर त्याच वाक्याच्या आधारे तीच गाडी टोटल लॉस ठरू शकली असती. नुकसान तेच, निकाल उलटा.

पुराच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. साचलेल्या पाण्यात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला, पाणी इंजिनात गेले आणि आतले भाग मोडले, तर विमा कंपन्या त्याला ‘परिणामी हानी’ म्हणून नाकारतात. इंजिन संरक्षणाची जोड असेल तरच दिलासा मिळतो. इंजिनाचा खर्च असा हिशेबातून वगळला की दाव्याची रक्कम 75 टक्क्यांच्या आणखी खाली येते. बिल मोठे होत जाते आणि दावा लहान.

या समीकरणातील कोणताही आकडा मालकाच्या हाती नसतो. आयडीव्ही नूतनीकरणाच्या वेळी ठरतो आणि कमी हप्त्याच्या मोहात आपण तो कमी करून घेतो. अंदाजपत्रक सेवा केंद्र करते. मोटार विम्यात 50 हजारांवरील दाव्यांसाठी परवानाधारक सर्वेक्षक लागतो. पण त्याची नेमणूक आणि मानधन दोन्ही विमा कंपनीकडून होते. सर्वेक्षक पक्षपाती असतात असे मी म्हणत नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाच हिशेबाचा कागद शेवटी आणि मागून घ्यावा लागतो, हा माझा आक्षेप आहे.

टोटल लॉस जाहीर झाल्यावरही प्रश्न संपत नाही. कंपनी सांगाडा भंगारवाल्यांच्या बोलीवर काढते. मालकाने तो स्वतःकडे ठेवला तर तितकी रक्कम वजा होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवली पाहिजे. पण विमा कंपनीच्या दृष्टीने संपलेली गाडी नेहमीच ‘कायमची निकामी’ नसते. ती धुऊन-पुसून दुसऱ्या शहरातील जुन्या गाड्यांच्या बाजारात उभी राहू शकते. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे वर्ग आहेत व ती नोंद गाडीच्या इतिहासात राहते. आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावर असा शिक्का नसतो. कोरमंगलातील चिखल पुण्यातील ग्राहकाच्या दारात येतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून विमा नियामकाने तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. 75 टक्क्यांची तुलना घसाऱ्यापूर्वीच्या खर्चाशी की नंतरच्या, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. निर्णयासोबत पूर्ण हिशेब व भंगाराच्या बोली विमाधारकाला न मागता द्याव्यात. आणि परिवहन खात्याच्या सहकार्याने टोटल लॉसची नोंद गाडीच्या शासकीय अभिलेखात कायम करावी.

तोवर नागरिकांनी नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याआधी आयडीव्ही पाहावा, बुडालेली गाडी सुरू करू नये आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत आवर्जून मागावी. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही न्याय मिळाला नाही, तर 50 लाखांपर्यंतच्या वादांसाठी विमा लोकपालाचे दार विनाशुल्क उघडे आहे. मुंबईने 26 जुलै 2005 आणि चिपळूणने जुलै 2021 अनुभवला आहे. त्यामुळे हा प्रश्न परक्या शहराचा मानण्याची चैन महाराष्ट्राला परवडणारी नाही. पावसावर आपले नियंत्रण नाही. पण पाणी ओसरल्यानंतर गाडीचे मोल कोणत्या गणिताने ठरले, हे जाणून घेण्याचा हक्क हप्ता भरणाऱ्याला असलाच पाहिजे.