उरोस्थीमागची डागडुजी

देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीत धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागल्या होत्या, आणि पोषण पुनर्वसन केंद्रात लेकराला घेऊन बसलेल्या प्रत्येक मातेचे चित्त निम्मे खाटेवर तर निम्मे त्या बांध्यांत गुंतलेले होते; कारण कापणीची मजुरी वर्षातून एकदाच येते. केंद्राचा शिरस्ता असा की, ज्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरतो, त्यास दाखल करून प्रारंभी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बेताच्या प्रथिनांचे दूध पाजावयाचे, भूक परतली म्हणजे ते अधिक सकस करावयाचे, आणि रोज वजन करून तक्त्यावर नोंदवावयाचे. परिचारिका काट्याचे शून्य तपाशी, लेकराचे कपडे उतरवी, त्याची चळवळ थांबेपर्यंत आकडा मान्य करीत नसे. मग तक्त्यावरील रेघ एका बिंदूने वर सरके आणि आई ती बोटाने चाचपून पाही.

परंतु ज्या अवयवाची डागडुजी याच दिवसांत चाललेली असते, त्याची नोंद त्या दप्तरात कोठेही नसते. उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर, थायमस अर्थात यौवनलोपी ग्रंथी असते. रोगांशी झुंजणाऱ्या टी-पेशी येथेच घडतात. जॅक मिलर यांनी १९६१ साली लंडन येथे नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून तिचे हे कार्य प्रथम सिद्ध केले. उपासमार, ज्वर वा किरणोत्साराचा आघात होताच तिच्या बाह्यस्तरातील अपक्व पेशी प्रथम मरतात आणि ग्रंथी आक्रसते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचेच: मूषकांवरील प्रयोगांत असे आढळले की, मरणाऱ्या पेशींतून सुटलेले जस्त रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना चेतविते, त्या बीएमपी-४ नावाचे प्रथिन स्रवतात, आणि त्यायोगे ग्रंथीचा आधारभूत सांगाडा, म्हणजे तिच्या आवरक पेशी, पुनश्च वाढीस लागतात. दुसरीकडून इंटरल्यूकिन-२२ हे प्रथिनही त्याच पेशींना हात देते. हानीच जणू दुरुस्तीचा हुकूम काढते.

हे काम मात्र सावकाश चालते. बोलिव्हियातील कोचाबांबा येथे कुपोषित बालकांच्या छातीची सोनोग्राफी करून पाहता वजन सुमारे महिन्याभरात सावरले, थायमसला मात्र दोन महिने लागले. जस्ताची पूरक मात्रा दिली तेव्हा ही तफावत पुष्कळ भरून निघाली. आपल्या केंद्रांतही जस्त दिले जाते ते उगाच नव्हे.

म्हणूनच चौदाव्या दिवशी एका मातेने, "सिस्टर, वजन तं वाढलं नं, आता सुट्टी द्या," म्हटले, तेव्हा परिचारिकेने सुट्टी दिली खरी, पण कार्डावर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने चार तारखा लिहून त्या मोठ्याने दोनदा वाचून दाखविल्या. पोर गुबगुबीत दिसू लागले तरी त्याची तटबंदी अद्याप अपुरी असते, आणि याच अवधीत गोवर वा न्यूमोनिया त्याला गाठू शकतो. भरतीच्या दिवसांत मातेला बुडीत मजुरी मिळते. तिच्या धन्याच्या हजेरीत मात्र या चार तारखा गैरहजेरीच ठरतात. तेव्हा ज्यांच्या बांध्यांत कापणी वा चुरणी चालू असेल, त्यांना माझी विनंती आहे की, कार्ड दाखवून ती बाई त्या दिवशी निघाली, तर तिला जाऊ द्यावे आणि तिची मजुरी कापू नये.