पाटीवरचं अक्षर: ब्रशचं आणि फ्लेक्सचं

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात किराणा दुकान काढायचं, तर पाटीसाठी दोन वाटा असतात: पेंटरला बोलवायचं किंवा फ्लेक्स छापून आणायचा.

पेंटर आधी पत्रा घासून प्रायमर लावतो, त्यावर पार्श्वभूमीचा रंग देतो. तो वाळला की खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतो, मधे उचलून सोडतो. सरळ रेघ उमटते. ही शिरोरेषेची जागा. खरं कसब यापुढे. ‘किराणा’तली वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, ‘भुसार’मधला उकार खाली उतरतो, दोघांना जागा सोडून अक्षराची उंची ठरवावी लागते. नाव लांब असेल, तर पेंटर अक्षरं अरुंद काढतो, पण रेघेची जाडी बदलू देत नाही.

संगणकातलं अक्षर गणिती वळणांनी साठवलेलं असतं, म्हणून दहा फूट केलं तरी कडा स्वच्छ राहतात. मात्र जागा भरायला ते नुसतं आडवं ताणलं, की उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. फ्लेक्सवरची बेढब अक्षरं बहुधा अशीच जन्मतात. यात यंत्राचा दोष नाही. विंडोजमधलं ‘मंगल’ हे देवनागरी अक्षर र. कृ. जोशींनी घडवलं, आणि ते मुळात हाताने लिहिणारे सुलेखनकार होते.

फोटोचं गणित वेगळं. तो ठिपक्यांचा बनतो. व्हॉट्सॲपवर आलेला लहान फोटो मोठा केला की ठिपके फुटतात. पेंटर फोटोवर आणि भिंतीवर सारख्याच संख्येच्या चौकटी आखतो आणि एकेक चौकट पाहत चेहरा मोठा करतो.

रंगातही फरक पडतो. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने उजळतो. छपाई मुख्यतः निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी होते. पडद्यावरचा झळझळीत भगवा या शायांच्या आवाक्याबाहेर राहतो, म्हणून छापल्यावर मंद दिसतो. पेंटर डब्यातला नारिंगी ऑइलपेंट थेट लावतो.

फ्लेक्स लवकर मिळतो, चूक फाइलमध्येच दुरुस्त होते, हव्या तितक्या प्रती निघतात. पण ते पीव्हीसीचं कापड आहे. जाळलं तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सुटतो.

दुकानाची, शाळेची कायमची पाटी पेंटरकडूनच रंगवून घ्या. फ्लेक्सच करायचा असेल, तर शेजारी बसून सांगा: अक्षर ताणू नका, जागेत बसेल अशा घडणीचं दुसरं निवडा.