निळ्या दिव्याखालची प्रवाळे आणि कॅमेरा

रीफ टँकसमोर उभे राहिले की डोळ्यांना हिरवी, केशरी, गुलाबी प्रवाळे स्पष्ट दिसतात. मोबाइलवर फोटो काढला की मात्र सगळे गडद निळ्यात बुडालेले असते. मग ‘कॅमेरा साधा आहे’ असा निष्कर्ष निघतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. महागडा कॅमेराही नुसत्या ऑटोवर तसाच फोटो देतो, कारण अडचण त्या प्रकाशातच आहे.

टँकवरच्या एलईडींचा बहुतांश प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, गडद निळा असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले तो चांगला शोषतात. प्रवाळाच्या ऊतींतली काही प्रथिनेही तो शोषतात आणि त्याच्या बदल्यात हिरवा, केशरी किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. ‘प्रवाळ काजव्यासारखे आपणहून चमकते’ हा समज इथे गळून पडतो: दिवा बंद झाला की चमकही तत्क्षणी बंद. या कुळातले पहिले प्रथिन ओसामु शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एका जेलिफिशमध्ये मिळाले. तो जेलिफिश स्वतः प्रकाश निर्माण करणारा होता. स्वतः न उजळणाऱ्या प्रवाळवर्गीय प्राण्यांतही तशी प्रथिने असतात, हे मिखाईल मॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले.

म्हणजे कॅमेऱ्यापुढे एकाच वेळी दोन प्रकाश येतात. एक दिव्याचा, परावर्तित झालेला आणि प्रचंड. दुसरा प्रवाळाने सोडलेला आणि त्यामानाने क्षीण. आपली दृष्टी थोड्याच वेळात निळ्याला सरावते आणि उरलेले रंग वेगळे काढून दाखवते. सेन्सर असे काही करत नाही.

‘व्हाइट बॅलन्स नीट लावला की झाले’ हा सर्वांत चिवट गैरसमज. बहुतेक कॅमेऱ्यांत केल्व्हिनचा आकडा १०,००० च्या आसपास संपतो, पण खरी गोची आकडा अपुरा पडण्यात नाही. केल्व्हिनची मोजपट्टी तापलेल्या वस्तूच्या रंगावर बेतलेली आहे: आधी लाल, मग पिवळसर, मग पांढरी, मग निळसर. ती वस्तू कितीही तापवली तरी तिचा रंग फिकट निळ्याच्या पुढे जातच नाही. टँकवरच्या एलईडीचा गडद निळा त्या रेषेवर कुठेच बसत नाही. त्यामुळे पट्टी कितीही सरकवली तरी फोटो सुधारत नाही. पाण्यात पांढरी वस्तू ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घेता येतो, आणि दिव्यात थोडा पांढरा चॅनल सुरू असेल तर तो उपयोगी पडतो. नुसत्या निळ्यात मात्र त्या पांढऱ्या वस्तूवरून परतणारा तांबडा प्रकाश जवळजवळ शून्य असतो, आणि शून्याला कितीही पटींनी वाढवले तरी हाती फक्त नॉइज येतो.

‘रॉमध्ये काढा, नंतर सगळे दुरुस्त होते’ हेही अर्धेच खरे. रॉमध्ये जरूर काढावे. पण सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्याचे, एक तांबड्याचा आणि एकच निळ्याचा असतो. निळा ठिपका प्रकाशाने काठोकाठ भरून गेला की त्यातला तपशील कायमचा गेला. रॉ तो परत आणू शकत नाही. त्यात उजळपणाचा एकत्रित हिस्टोग्रॅम दिशाभूल करतो. उजळपणाच्या प्रचलित सूत्रात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के असल्याने आलेख ‘फोटो काळोखा आहे’ असे सांगतो, आणि त्याच वेळी निळा चॅनल फुटलेला असतो. तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्रॅम पाहावेत आणि एक्सपोजर निळ्यावरून ठरवावे.

खरा उपाय भिंगापुढे आहे: पिवळा किंवा केशरी फिल्टर. तो निळा प्रकाश सेन्सरवर पोचण्याआधीच अडवतो आणि प्रवाळाचा हिरवा-केशरी प्रकाश जाऊ देतो. मग ऑटो व्हाइट बॅलन्ससुद्धा बऱ्यापैकी काम करतो. मोबाइलपुढे धरलेला पिवळ्या जेलचा तुकडाही पुरतो. ‘फिल्टर म्हणजे फसवणूक’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की फिल्टर रंग घालत नाही, वजा करतो. पण ही वजाबाकी आंधळी असते, हेही तितकेच खरे. गडद केशरी फिल्टरमागे निळा टँग मासा काळपट दिसतो. काही अ‍ॅक्रोपोरांचा जांभळा-निळा रंग न चमकणाऱ्या प्रथिनांमुळे येतो, तोही मावळतो. अशा प्रवाळांसाठी पांढरा प्रकाश वाढवणे हाच मार्ग. डोळ्यांना दिसते त्याच्या जवळ जायचे असेल तर फिका पिवळा फिल्टर घ्यावा. गडद केशरी फक्त चमक टिपायची असेल तेव्हा.

फ्लॅशबद्दल थोडक्यात: त्याचा पांढरा झोत फ्लुओरेसन्स झाकून टाकतो आणि काचेवरून उलटतो. फोटोवर आडवे पट्टे आले तर एलईडीची लुकलुक कारणीभूत असते. शटर मंद ठेवावे. पाण्याचे पंप काही मिनिटे थांबवावेत, खोलीतले दिवे मालवावेत, काच पुसावी आणि भिंग काचेला अगदी काटकोनात धरावे. तिरक्या कोनातून रंगांच्या कडा फाटतात. इतक्याने जे साधते ते महागड्या भिंगानेही साधत नाही.

यातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. परदेशांत प्रवाळांचे तुकडे फोटो पाहून विकले-घेतले जातात, आणि नुसत्या निळ्याखाली गडद फिल्टर लावून काढलेला फोटो खोटा नसला तरी घरच्या पांढऱ्या प्रकाशातल्या रंगाविषयी काहीच सांगत नाही. (भारतात सर्व दगडी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, फोटो कितीही मोहक असला तरी इथल्या समुद्रातले प्रवाळ घरी आणणे हा गुन्हा आहे.) म्हणून अशा प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: दिव्याचे कोणते चॅनल सुरू होते, कोणता फिल्टर लावला होता, आणि नंतर रंगांची तीव्रता वाढवली की नाही. विकणारा त्या लिहीत नसेल, तर त्याच तुकड्याचा पांढऱ्या प्रकाशातला दुसरा फोटो मागावा.